कमळाचा देठ

चिंचोक्यांची खळ शिजते आहे. वास आधी पिठल्यासारखा वाटतो, मग एकदम करपट होतो आणि घरातली बाई घाईने आच कमी करते. काल भिजत घातलेले चिंचोके आज सकाळी सोलून, वाटून या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात पडले आहेत. ती पळी उचलते, तार बघते. आपल्याकडे पाकाची बघतात तशीच, दोन बोटांत धरून. तार तुटते.

“झालं का?” मी विचारते.

“नक्को, अभी नक्को,” ती म्हणते आणि पुन्हा ढवळायला लागते.

हैदराबादी बोलीतलं हे ‘नक्को’ म्हणजे आपलंच ‘नको’. शेजारघरी राहायला गेलं, तिथल्या चालीरीतींनी वागायला लागलं आणि क ला एक जादा क लावून बसलं. मी काचीगुड्याला मावशीकडे उतरले आहे, इसामिया बाजारातल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात काही जुने अंक चाळायचे होते. त्यातला आजचा रविवार मोकळा सापडला, म्हणून मेट्रोने उप्पल गाठलं आणि तिथून रिक्षाने या दोन खोल्यांच्या घरात आले. बाहेरच्या खोलीत चित्रकार, मधल्या बोळात खळ, आतल्या खोलीत त्याची आई देवघरापुढे मडकं रंगवते आहे. आषाढातला रविवार आहे. आज या वस्तीचे बोनालू, देवीचा सण.

चित्रकार वयाने माझ्याहून लहान असेल, तरी मी त्याला अण्णा म्हणते. इथे रिक्षावाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे अण्णाच. तो मला अम्मा म्हणतो, त्याला माझा इलाज नाही. घराणं मूळचं चेरियालचं, सिद्दिपेट जिल्ह्यातलं. २०१६ आधी हाच तालुका वरंगळ जिल्ह्यात होता आणि त्याआधी निजामाच्या मुलखात, जसा आपला मराठवाडा होता. चेरियालच्या या चित्रकारांना नकाशी म्हणतात. नक्श या अरबी शब्दातून आलेलं नाव. आपली नक्षी आणि आपला नकाशा त्याच मुळाचे. अण्णाला हे सांगितल्यावर तो फारसा चकित होत नाही. “नकाशात रस्ता दाखवतात ना,” तो म्हणतो, “पटातपण तेच.”

जमिनीवर खादीचा एक लांब तुकडा ताणून ठेवला आहे. भाताची पेज, पांढरी माती, डिंक आणि ही चिंचोक्यांची खळ. सगळं एकजीव करून कापडाला तीन हात द्यायचे. या तुकड्याला दोन दिले आहेत, तिसरा आज. पावसाळ्यात एकेक हात वाळायला दुप्पट वेळ जातो म्हणून टेबलफॅन जमिनीवर आडवा लावून ठेवला आहे आणि घरातले सगळे त्याला ओलांडून जातात. अण्णा कापडाचा एक कोपरा उचलतो, दुमडतो, नखाने दाबतो, पुन्हा उलगडतो. कानाजवळ नेऊन ऐकतो. कसला आवाज आला तर माती जास्त झाली.

“फ्रेमचं चित्र असतं तर चाललं असतं,” तो म्हणतो. “पट गुंडाळायचा असतो. भेग पडली तर ती देवाच्या तोंडावरच पडते, बाजूला कधी पडत नाही.”

आता गुंडाळायला पट राहिले आहेत कुठे, हे तोच पुढे सांगतो. आजोबांच्या हातचे पट तीन फूट रुंद आणि चाळीस-चाळीस फूट लांब असत. सगळ्यात वर गणपती, मग सरस्वती, मग एकाखाली एक प्रसंग, फुलांच्या पट्ट्यांनी वेगळे केलेले. कथा सांगणारा गावात यायचा, दोन बांबूंच्या आधाराने पट टांगायचा आणि रात्रीमागून रात्री उलगडत न्यायचा. पिंगुळीच्या ठाकरांची चित्रकथी ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे अनोळखी वाटणार नाही. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आपल्याला त्या कलेची नव्याने आठवण झाली होती. पण पिंगुळीत सुटी चित्रं असतात, एक झालं की मागे सरकवायचं. इथे सगळी कथा एकाच कापडावर. ऐकणाऱ्याला कालच्या रात्रीचा प्रसंग वर गुंडाळलेला दिसतो आणि उद्याचा खाली, अजून न उलगडलेला.

दुसऱ्या भिंतीशी, पाटावर, आज रंगवायचा तुकडा आहे. पाच फुटांचा. त्यावर पेन्सिलची एकही रेघ नाही. अण्णा कुंचला बुडवून सरळ कापडावर ओढतो. खांदा, कोपर, मनगट, आणि मनगटाला वळण देऊन परत खांदा. पुसायचा प्रश्नच नाही. आकृतीभोवतीची जागा विटकरी लाल रंगाने भरून घेतो, आकृती कोऱ्याच राहतात. लाल समुद्रात पांढरी माणसं उभी. रंग आता बाटलीतले. हिंगूळ, नीळ आणि काजळी आजोबांबरोबर गेली. तो हे खेदाने सांगत नाही, विजेचं बिल सांगावं तसं सांगतो.

मी विचारते, जमीन लालच का? रात्री पलित्याच्या उजेडात लांबून दिसावं म्हणून असेल, असा माझा आपला अंदाज. तो खांदे उडवतो. “लाल नसेल तर चेरियाल कसं म्हणायचं?”

मग रंगांचा पाढा होतो. निळा म्हणजे देव. पिवळी म्हणजे देवी. काळपट तपकिरी म्हणजे राक्षस. गुलाबीसर म्हणजे माणूस. एवढं कळलं की मागच्या ओळीत बसलेल्या, नावं न ऐकू आलेल्या पोरालासुद्धा कळतं कोण कुणाला मारणार आहे. आध्यात्मिक प्रतीकं वगैरे शब्द मी मनात बांधून आणले होते. या खोलीत ते काढायची लाज वाटते आहे. इथे प्रतीक हे पाटीवरच्या अक्षरासारखं आहे, वाचता आलं पाहिजे.

“हे कोणतं पुराण?” मी पाटावरच्या तुकड्याकडे बोट दाखवते.

“मार्कंडेय पुराणम्. पद्मशालींचं.”

आणि माझं गाव माझ्या घशाशी येतं. मी सोलापूरची. आमच्या गल्लीपासून पूर्वभाग चालत दहा मिनिटांवर. तेलंगणातून आलेल्या विणकरांची वस्ती, जिथे दुकानांच्या पाट्या मराठी आणि भांडणं तेलुगू. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघायचा आणि आमची शाळा त्या दिवशी निम्मी रिकामी असायची. भद्रावती पेठेत माझी मैत्रीण राहायची. पेठेला हे नाव कुणावरून पडलं हे मी तिला कधी विचारलं नाही, तिनेही कधी सांगितलं नाही. आज वयाच्या या टप्प्यावर, उप्पलच्या पलीकडे, एक परका माणूस कुंचल्याच्या मागच्या टोकाने पटावरची एक कोरी बाई दाखवतो आणि म्हणतो, “ये भद्रावती. सूरज की बेटी. भावनाऋषीची बायको.”

भावनाऋषी मार्कंडेयाचा मुलगा. देवांना नेसायला वस्त्र नव्हतं. विष्णूच्या नाभीतून उगवलेल्या कमळाच्या देठातून त्याने तंतू काढला, माग मांडला आणि जगातलं पहिलं कापड विणलं. म्हणून पद्मशाली. मागाला तेलुगूत मग्गम् म्हणतात. माग आणि मग्गम्, आता याहून जवळचं नातं कुठे शोधायचं?

अशी पुराणं एकट्या विणकरांचीच नाहीत. प्रत्येक कामकऱ्याचं एक आहे आणि प्रत्येकाचे कथेकरी वेगळे. परटांचं मडेल पुराण, त्यांचा मूळपुरुष देवांची वस्त्रं धुणारा. ताडी काढणाऱ्या गौडांचं गौड पुराण. चामड्याचं काम करणाऱ्या मादिगांचं जांब पुराण, आणि त्यांचा जांबवंत तर पृथ्वीच्याही आधी जन्मलेला. जमीन नव्हती तेव्हा तो होता, बाकी सगळे मागाहून आले. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवलं त्यांनी स्वतःला सृष्टीच्याच आधी नेऊन बसवलं. ते पुराण सांगणारे डक्कली. हे ऐकताच मला मराठवाड्यातले डक्कलवार आठवतात, मातंगांची वंशावळ सांगत, किंगरी वाजवत फिरणारे. १९५६ साली राज्यांच्या सीमा आखताना कागदावर जी रेघ पडली ती या लोकांच्या पायवाटांवरून गेली असणार.

आपल्याकडच्या पुराणांत देवांच्या हातात शंख, चक्र, त्रिशूळ. या पटांवर त्यांच्या शेजारी धोटा असतो, परटाचा दगड असतो, ताडावर चढायचा दोर असतो, कातडं कमावायची कुंडी असते. देव त्या अवजाराला हात लावून जातो आणि ज्याच्या घरात तेच अवजार कोपऱ्यात पडलेलं आहे तो माणूस रात्रभर समोर बसून ते बघतो. मी इतकी वर्षं देवळं पाहिली, लेणी पाहिली, पण माझ्या शेजाऱ्यांच्या मागाला देवघरात जागा देणारी चित्रं पाहायला मला आजचा दिवस उजाडावा लागला.

“यात माग कुठे आहे?” मी विचारते. पाच फुटांत मार्कंडेय आहे, शिवलिंगाला मिठी मारलेला. यम आहे. सूर्य आहे, भद्रावती आहे. मधोमध भावनाऋषी उभा आहे, उजवा हात पुढे केलेला, आणि त्या हाताखालची जागा नुसती लाल.

अण्णा कुंचला वाटीत ठेवतो. पहिल्यांदाच त्याचा चेहरा जरा बदलतो.

गिऱ्हाईक गच्चीबावलीचं आहे. नवा फ्लॅट, दिवाणखान्यात सोफ्याच्या मागे लावायला चित्र. फोटो पाठवले, मोजमाप पाठवलं, निम्मे पैसेही पाठवले. आणि फोनवर सांगितलं की माग नको. लाकडं, खड्डा, दोऱ्या, सगळा पसारा दिसतो. देव छान आहेत, देव ठेवा. ऋषीच्या हातात कमळ द्या. कमळ सुंदर दिसतं.

“ते विणकर नसतील,” मी म्हणते.

“विणकरच आहेत की,” बोळातून अण्णाची बायको उत्तर देते. “दादा बुनते थे उनके.”

अण्णा थोडा वेळ गप्प बसतो. मग म्हणतो, “अम्मा, माग नसेल तर हा कोण? दाढी आहे, जटा आहेत. कुठलाही ऋषी. वसिष्ठ म्हणा, विश्वामित्र म्हणा.”

बाहेर डप्पू वाजायला लागतो. आपल्या हलगीचा भाऊ, फक्त जरा जाड आवाजाचा. आतून आई बाहेर येते. डोक्यावर बोनम्. हळदीने माखलेलं मडकं, त्यावर कुंकवाचे ठिपके, आत गूळ घालून शिजवलेला भात, गळ्याशी कडुनिंबाच्या डहाळ्या आणि सगळ्यात वर झाकणात पेटलेला दिवा. पाऊस भुरभुरतो आहे, दिव्याला तळव्याचा आडोसा करून ती पायरी उतरते. सत्तरी ओलांडलेली बाई आहे. मडक्याला दुसरा हात लावत नाही.

आम्ही सगळे दारात. गल्लीतून बायकांची रांग चालली आहे, प्रत्येकीच्या डोक्यावर पिवळं मडकं. पुढे पोतराजू नाचतो आहे. अंगभर हळद, लाल लुंगी, पायात घुंगरू, कमरेला कडुनिंब, हातात वळलेला आसूड. आपल्या कडकलक्ष्मीच्या पोतराजाला पाहून मी लहानपणी आईच्या पदरात शिरायची. हा देवीचा भाऊ आहे, बहिणींच्या मिरवणुकीला रस्ता मोकळा करून देतो. १८१३च्या सुमारास हैदराबाद-सिकंदराबादेत मरी आली, तेव्हा उज्जैनला गेलेल्या इथल्या पलटणीने महाकालीला नवस केला आणि परत आल्यावर तिची स्थापना केली, तिथून बोनालू सुरू झाले, असं सांगतात. सिकंदराबादचं उज्जैनी महाकाली मंदिर ते हेच. आषाढात साथी येतात, कडुनिंब आणि हळद लागते, एवढं तर मलाही पटतं.

आणि मला दिसतं की गल्लीत जे रंग चालले आहेत तेच आत पाटावर यायचे आहेत. हळदीचा पिवळा, कुंकवाचा लाल, निंबाचा हिरवा. मधला कुठला रंग नाही, मिसळून केलेला. हेच तीन रंग थोटा वैकुंठम यांच्या चित्रांतल्या बायकांच्या अंगावर आहेत. १९४२ साली करीमनगर जिल्ह्यात जन्मलेला हा चित्रकार. लहानपणी गावात येणाऱ्या नाटकमंडळीत बायकांची कामं करणारे पुरुष त्याने पाहिले, हैदराबादेत शिकला, बडोद्याला के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली गेला, आणि अखेर आपल्या गावच्याच बायका काढू लागला. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, अंगाला हळदीची कांती, खांद्यावर पोपट. त्या बायका आता महागड्या दिवाणखान्यांत असतात. मला त्या आवडतात, पण त्यांच्याकडे पाहताना नेहमी वाटतं की या सणासाठी सजून बसल्या आहेत आणि कुणी त्यांना न्यायलाच आलं नाही. ही रांग बघताना ते जास्तच जाणवतं. इथे कुंकू घामाने ओघळतं आहे.

दुसरं टोक पी. टी. रेड्डींचं. तेही करीमनगरकडचेच, १९१५चा जन्म. मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकले, १९४१मध्ये भोपळे, कुलकर्णी, मजीद अशा मित्रांबरोबर तिथे प्रदर्शनं केली, मग हैदराबादेत परतले. सत्तरच्या दशकात त्यांनी तंत्रमार्गातली चिन्हं घेतली, त्रिकोण, बिंदू, नाग, कमळ. तिथलं कमळ म्हणजे कुंडलिनीचं चक्र. अभ्यासू, नेमकं, पण त्याचा अर्थ लावायला शेजारी पुस्तक लागतं. पटावरच्या कमळाला लागत नाही, त्याला देठ असला की झालं. एकाच मुलखातून निघालेली दोन कमळं, आणि अण्णाच्या वाट्याला गच्चीबावलीचं तिसरं.

या पटांकडे शहराने पाहिलं, त्यात जगदीश आणि कमला मित्तल या जोडप्याचा मोठा वाटा. दोघंही चित्रकार, १९५१ साली हैदराबादेत येऊन राहिले आणि जुने पट, कलमकारी, बिदरी, पितळेच्या मूर्ती गोळा करत गेले. दोमलगुड्याला त्यांचं संग्रहालय आहे. आपल्याकडे जुनी वस्तू घरात ठेवणं अशुभ मानणारे पुष्कळ. इथल्या कथेकऱ्यांची रीतही तशीच होती. पट जीर्ण झाला, रंग उडाला, की त्याची पूजा करायची, नदीत सोडायचा आणि नकाशीकडून नवा करून घ्यायचा. म्हणून जुने पट फार उरलेले नाहीत. मला याचं वाईट वाटायला हवं. पण मूर्ती घडवून दहा दिवसांनी पाण्यात सोडणाऱ्यांच्या घरातली मी, मला ते अगदी बरोबर वाटतं. अण्णाच्या आजोबांना नव्या पटाचं काम त्यामुळेच मिळत गेलं असणार. संग्रहालयातला पट नदीत जात नाही, आणि नवा पटही मागत नाही.

रांग वळणावरून दिसेनाशी होते. पोतराजूच्या आसुडाचा आवाज मात्र येत राहतो. आम्ही आत येतो. टेबलफॅन ओलांडतो. खळीची तार आता तुटत नाही. बायको पातेलं उतरवून कापडाशी घेऊन येते आणि तळव्यानेच तिसरा हात द्यायला बसते. मीही बसते. कोमट, चिकट, गुळगुळीत. माझी चार बोटं कापडावर फिरतात न फिरतात तोच ती हसते आणि माझ्या मागून तेवढी जागा पुन्हा सारवून घेते.

अण्णा रंग भरतो आहे. यमाला तपकिरी, भद्रावतीला पिवळा. सगळ्यांचे डोळे कोरे आहेत, ते शेवटी काढायचे. भावनाऋषीच्या पुढे केलेल्या हातात तो गुलाबी कमळ काढतो. सांगितलं तसंच, आठ पाकळ्यांचं, सुंदर. गिऱ्हाइकाला पाठवायला मोबाइलवर फोटो काढतो. लगेच अंगठा येतो.

तो फोन उपडा ठेवतो. सगळ्यात बारीक कुंचला शोधतो, खारीच्या केसांचा. त्याचे केस ओठांनी जुळवतो. हिरव्या रंगात टोक बुडवतो, निम्मा रंग वाटीच्या काठाला पुसतो. मग कमळाला देठ काढतो. देठ हिरवा, ऋषीच्या मुठीतून खाली आलेला आणि खाली तुटलेला. मग कुंचला धुऊन पांढऱ्यात बुडवतो आणि तुटल्या जागेतून एक पांढरा केस बाहेर येतो. तो लाल जमिनीवरून खाली उतरतो, भद्रावतीच्या पायाशी वळतो, फुलांची पट्टी ओलांडतो आणि कापडाच्या काठाकाठाने चालत राहतो. मला तो चष्मा पुसल्याशिवाय दिसत नाही.

“हे काय, अण्णा?”

“देठ आहे, अम्मा.” तो मान वर करत नाही, श्वास रोखलेला आहे. “कमळाला देठ असतोच ना.”

काठाच्या टोकाशी येऊन तो थांबतो. तंतू तिथे संपवायला हवा. तो संपवत नाही, कापडाच्या कडेवरून घेऊन मागच्या बाजूला उतरवतो, जिथे उद्या चौकटीचा पुठ्ठा लागेल. मग दुसरा, जरा जाड कुंचला घेतो, काळ्यात बुडवतो आणि डोळे काढायला यमापासून सुरुवात करतो.

बोळातून बायको मला हाक मारते. तिसरा हात झाला आहे, पंखा जरा उजवीकडे सरकवायचा आहे, आणि तिचे दोन्ही हात खळीने भरलेले आहेत.